आवरून ठेवलेला वॉर्ड

६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या पोटाचं वाचून हसू आलं. डबा न्यायचा कंटाळा आणि कँटीनवर जीव, मग दुसरं काय होणार?

इथली बातमी चांगली नाही. वरच्या वेतनश्रेणीसाठी केलेला आमचा अर्ज फेटाळला. इस्पितळाच्या गाड्या धुणारे पुरुष आमच्याहून दोन पायऱ्या वर आहेत आणि म्हातारी माणसं धुणाऱ्या, उचलणाऱ्या, भरवणाऱ्या आम्ही बायका खाली. असं का, एवढंच विचारलं होतं. पाहणीच्या साहेबांनी लिहिलंय की वॉर्ड स्वच्छ व शांत आहे, काम हलकं व घरगुती स्वरूपाचं आहे. साहेब येणार म्हणून आम्हीच पहाटेपासून राबून सगळ्यांना धुऊन-पुसून, केस विंचरून बसवलं होतं. स्वतःच्या हाताने स्वतःचं काम लपवलं.

माझं सोड, मला अजून बरीच वर्षं आहेत. पण कप्तान, म्हणजे माझ्या जोडीची, जिच्या आवाजाला डॉक्टरही दचकतात, ती मार्चअखेर निवृत्त होतेय. शेवटच्या महिन्याच्या श्रेणीवर तिचं पेन्शन ठरणार. गुडघे गेलेत आणि घरात कमावणारं दुसरं कुणी नाही. दुपारी जरा उसंत मिळाली की ती चादरींच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने खाटांचे नंबर शिवत बसते. काल सुई हातात धरून नुसतीच बसली होती.

तू वेतन-कचेरीत आहेस. काही मार्ग असला तर कळव. सूनबाईला आशीर्वाद, आणि तुझ्या पोटालाही.

तुझी ताई

१४ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

अगं, पाहुणे येणार म्हटलं की आई पसारा पलंगाखाली ढकलायची, तू अख्खा वॉर्ड ढकललास. सरकारी माणूस जे बघतो तेच लिहितो. न दिसलेल्या कामाला आमच्या कागदावर रकानाच नसतो.

फेरपाहणी मागता येते. मुदत आहे, मसुदा सोबत धाडतोय, सगळ्यांच्या सह्या घे. आणि यावेळी काही आवरू नका. सकाळी वॉर्ड जसा असतो तसाच साहेबांच्या नाकासमोर राहू दे. त्यांच्यादेखत कामाला लागा. कप्तानबाईंना सांग, धाकट्याचा हुकूम आहे. त्यांना हुकूम देणारा मी पहिलाच असेन.

पोट बरं आहे. तुझी माया आहेच, ती अशीच रागावत राहू दे.

तुझा धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

फेरपाहणी काल झाली. कुणाला सांगवत नाही म्हणून तुला लिहितेय.

तू म्हणालास तसंच ठरलं होतं. साहेब आल्याशिवाय कुणी कशाला हात लावायचा नाही. कप्तान दारात उभी होती. साहेब दहाला येणार होते, आले नाहीत. वाचा गेलेले एक मास्तर आहेत आमच्याकडे, त्यांचं अंथरुणातच झालं. ते हाक मारू शकत नाहीत. तोंड भिंतीकडे करून रडत होते. मी कप्तानकडे पाहिलं. ती म्हणाली, दहा मिनिटांचा प्रश्न आहे. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं, हे तुला सांगायलाच हवं. दहाची वीस झाली, वीसचा तास होत आला. मग मी पडदा ओढला आणि मास्तरांना स्वच्छ केलं. पडदा सरकलेला बघून बाकीच्या बायकांनाही राहवलं नाही. ज्या त्या आपापल्या खाटेकडे धावल्या.

साहेब आले तेव्हा मास्तर झोपले होते. छान शांत वॉर्ड आहे तुमचा, असं म्हणून ते चहाला गेले.

कप्तानने मला एकच विचारलं, पेन्शन तुझं असतं तर थांबली असतीस का. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

तुझी ताई

२० मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

चार पत्रं लिहून फाडली. सल्ला माझा आणि भोगतेस तू. मी टेबलामागे बसतो. माझ्या कागदांना वास येत नाही, म्हणून असलं सुचलं.

आमच्या साहेबांना भेटलो, तुमची श्रेणी ठरवणाऱ्या समितीलाही लिहिलं. जुना निकालच कायम, आता पुढची पाहणी वर्षभराने. तोवर कप्तानबाई निवृत्त झालेल्या असतील. त्यांची माफी मागायला मी येऊ का? तू केलंस ते बरोबरच केलंस.

तुझा धाकटा

११ सप्टेंबर

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

बरोबर केलंस, असं पुन्हा लिहू नकोस. ते मला माहीत आहे, आणि त्याचा काही उपयोग होत नाही. येऊही नकोस. ती दार उघडणार नाही, आणि आता तर ती घरीही नाही.

पेन्शनमध्ये भागेना म्हणून कप्तानने एका इमारतीचे जिने पुसायचं काम धरलं होतं. तिथेच घसरून मांडीचं हाड मोडलं. गेल्या महिन्यात तिला आमच्याच वॉर्डात आणलं, नऊ नंबरच्या खाटेवर. मी पाणी आणि टॉवेल घेऊन गेले, तर तिने तोंड भिंतीकडे केलं. नव्या मुलीकडून निरोप आला की माझी पाळी संपेपर्यंत ती थांबेल. आणि ती खरंच थांबायची रे, ओल्यात पडून. मी दुसऱ्या टोकाला काम करायचे आणि मला कळत असायचं.

म्हणून मी धुलाईखान्यात बदली मागून घेतली. तिथली श्रेणी आमच्याहूनही एक पायरी खाली आहे. मोठ्या साहेबांनी दोनदा विचारलं, बाई, अर्ज नीट वाचलात ना. वाचला म्हटलं.

इथे वाफ फार, पण बरं चाललंय. सकाळी वॉर्डाचं गाठोडं आलं की मी आधी चादरींचे कोपरे चाचपते. लाल दोऱ्याचा नऊ सापडला की ती चादर बाजूला काढून हाताने धुते. मशीनमध्ये दोरा उसवतो. तिला कुणी सांगितलेलं नाही.

सूनबाईला आशीर्वाद. डबा नेत जा.

तुझी ताई