एकदाच आकसतं

४ जानेवारी
एमआरआयचा रिपोर्ट आला. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे नसांचं दुखणं, जुनंच, त्याचं कौतुक नाही. नवीन एवढंच की मेंदू आकसलाय. डॉक्टरीणबाई तोंड पाडून सांगत होत्या. म्हटलं, बाई, उभा जन्म शिलाईत गेला, आकसणं मला शिकवू नका. सुती कापड पहिल्या धुण्यात आकसतं, मग नाही. माझं झालं ते झालं. त्या म्हणाल्या, मेंदू म्हणजे कापड नव्हे, गोळ्या चुकवल्यात तर आणखी आकसेल. शिकलेल्या माणसांना कापडातलं काय कळतं?

५ जानेवारी
बायको म्हणते, कटिंग मी करते, तुम्ही नुसती मापं घ्या. दुकानाच्या पाटीवर ‘मास्टर’ लिहिलंय ते काय शोभेला? कात्री सोडणार नाही. संकल्प: रोज व्यायाम, रोज गोळी.

९ जानेवारी
व्यायाम सोमवारपासून. गोळीने मळमळतं, म्हणून तिला सुट्टी दिली.

१७ जानेवारी, दुपारी
दुकानात पडलो. ओल्या फरशीवरून पाय सटकला. बायको म्हणाली, आज फरशी पुसलेलीच नाही. बरोबर. न पुसल्यामुळेच पडलो.

२५ जानेवारी
मेहुण्याने काठी आणली. मला काय म्हातारा समजतो? असू दे, वरच्या फळीवरचे तागे ओढायला बरी आहे. आज तागे ओढायला घरापासून दुकानापर्यंत नेली.

२ फेब्रुवारी
वकीलसाहेबांच्या काळ्या कोटाचं कटिंग केलं. डावा पाय जड, खडू दोनदा पडला. बाकी झकास. बायको म्हणाली, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. कौतुक समजून घेतलं.

३ फेब्रुवारी
बाही जोडताना बायको थांबली. दोन्ही बाह्या डाव्याच. दुसरी कापताना कापड उलटायचं राहिलं. शिकाऊसुद्धा असं एकदाच करतो. म्हटलं, वकील माणूस तोंडाने भांडतो, उजवा हात हवाय कशाला? ती हसली नाही. उरलेल्या तुकड्यातून तिनेच उजवी बाही काढली. तिला शिकवलं कोणी? मी. म्हणजे बाही माझीच झाली.

११ फेब्रुवारी
साधी पँट कापायला घेतली. अर्ध्यात बोटं आखडली. कात्री पुढे जाईना आणि हातातून सुटेनाही. गिऱ्हाईक समोर उभं. बायकोने एकेक बोट सोडवलं. गोळ्या कधीपासून बंद, असं हळू विचारलं. सांगितलं. पहिल्यांदाच भीती वाटली.

उरलेली पँट तिने कापली. मी कापडाचं टोक धरून बसलो. फार सरळ कापते. वाईट वाटलं, आणि खोटं कशाला लिहू, सुटल्यासारखंही वाटलं.