चिठ्ठीची मागची बाजू

ता. १४, मंगळवार
दुपारचे अडीच

प्रिय ठोंब्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघी ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, पण तिच्याइतका नाही. तुझ्या त्या पाण्याच्या पंपाच्या गावाला थंडी फार असते असं ती कुठूनतरी ऐकून आली आहे. तुला स्वेटरचं विचार असं काही तिनं मला सांगितलं नाही. माझ्यासमोर दोनदा भिंतीला उद्देशून बोलली, एवढंच.

रेडिओवर सगळं तेच चाललंय. सातच्या बातम्यांत पाणी, बस, बंद रस्ते, हरवलं-सापडलं. आठ वाजता लोकांचे फोन. शिवणकामवाल्या काकू अजून रोज पहिला नंबर लावतात. मागच्या आठवड्यात गल्लीच्या कोपऱ्यावरचा दिवा गेल्याची तक्रार त्या करत होत्या आणि तक्रार संपायच्या आत दिवा लागला. "बघा, नुसता तुम्हाला फोन केला की काम होतं," म्हणाल्या. मी काहीच केलं नव्हतं, पण श्रेय घेतलं. श्रेय घ्यायची माणसाला सवय लागते.

आपलं स्टेशन तुझ्या गावापर्यंत पोचत नाही. मधल्या टेकडीपाशीच खरखर सुरू होते. त्यामुळे आज सकाळी मी काय वाचलं ते तुला कळलेलं नसणार. फोन का नाही केला म्हणशील. केला असता तर तू नेहमीसारखा "बरं" म्हणाला असतास, आणि मी स्वस्तात सुटले असते.

सुरुवात गेल्या आठवड्यातल्या सोमवारपासून करते. स्टेशनला दहा वर्षं झाली म्हणून साहेबांनी दिवसभर श्रोत्यांचे फोन घ्यायचं ठरवलं. लोक भरभरून बोलले. एका आजोबांची पेन्शन कुठे अडकली होती ते आमच्यामुळे कळलं. एका बाईंचा हरवलेला पोपट आमच्यामुळे सापडला. तो शेजाऱ्यांकडेच होता, हे त्यांनी मोठ्या मनानं सांगितलं. एरवी आम्हाला वाटतं, चार ओळी वाचतो, कोण ऐकतंय? पण लोक त्या चार ओळींवर घराबाहेर पडतात, पोरांना शाळेत धाडतात, नळाखाली घागर लावतात. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

मग बेकरीवाल्याचा फोन आला. ज्याची मुलगी दोन वर्षांपूर्वी त्या दूषित पाण्यानं आठ दिवस दवाखान्यात होती, तोच. म्हणाला, "मला बाईंचे आभार मानायचेत. त्या पाण्याच्या वेळी चूक त्यांच्या सख्ख्या भावाची होती. तरी त्यांनी झाकली नाही. तीन दिवस स्वतःच्या तोंडानं वाचली. असा खरेपणा आजकाल कुठे राहिलाय?"

काचेपलीकडून आमच्या बटणवाल्यानं मला अंगठा दाखवला. मी "धन्यवाद" म्हटलं आणि गाणं लावलं. ते संपल्यावर लगेच दुसरं लावलं.

आता मुद्द्यावर येते. तू म्हणायचास ना, ताई बातमी सोडून सगळं आधी सांगते.

त्या दिवशी सकाळी पाणीखात्यातून तुझा पहिला फोन सहा वीसला आला. मोठी जलवाहिनी जोडून झाली, साडेसातला पाणी येईल. मी चिठ्ठी केली. दुसरा फोन सहा बावन्नला. तू धापा टाकत होतास. म्हणालास, "ताई, थांब. खालच्या तीन गल्ल्यांत गटाराचं पाणी शिरलंय. आज नळाचं कोणी पिऊ नका म्हणून सांग. उकळूनसुद्धा नको. मी टँकर मागवलाय." मी "हो, हो" म्हटलं. पॅड आतल्या खोलीत राहिलं होतं, म्हणून त्याच चिठ्ठीच्या मागे लिहिलं.

आमच्याकडे कागदाच्या एकाच बाजूला लिहायचं असतं हे तुला माहीत आहे. तू मात्र दोन्ही बाजूंनी लिहायचास, घरी मी त्यावरून तुझी टर उडवायचे. माइकसमोर कागद उलटला की त्याचा आवाज थेट लोकांच्या घरात जातो. वाचलेली चिठ्ठी उलटायची नाही, नुसती अलगद बाजूला सरकवायची. नवीन आलेल्या प्रत्येकाला हे मीच शिकवते. मी लाल दिवा लागल्यावर पुढची बाजू वाचली, "साडेसातला पाणी येईल" असं छान गोड आवाजात सांगितलं, आणि चिठ्ठी अलगद बाजूला सरकवली. अजिबात आवाज झाला नाही.

दुपारी उलट्यांचे फोन यायला लागले तेव्हा मी ती उलटून पाहिली. आणि पर्समध्ये टाकली.

तुझ्या साहेबांनी आमच्याकडे विचारणा केली, तेव्हा मी सांगितलं की दुसरा निरोप मिळाला नाही. तू घरी येऊन विचारलंस, "ताई, माझा दुसरा फोन तूच घेतलास ना?" मी म्हटलं, "लाइन खराब होती रे, काही कळलं नाही." तू माझ्याकडे पाहिलंस आणि "बरं" म्हणालास.

लाइन खराब नव्हती. मला तुझा शब्द न् शब्द ऐकू आला होता. हे तुला तेव्हाच माहीत होतं, हे मलाही माहीत होतं.

त्यानंतर "कर्मचाऱ्यानं वेळेत कळवलं नाही" अशी दुरुस्ती मी तीन दिवस वाचली. आमचा नियमच आहे, चूक ज्या वेळी, ज्या आवाजात गेली त्याच वेळी, त्याच आवाजात तीन दिवस दुरुस्त करायची. नियम पाळला बघ मी. तुला बेकरीतून हाकललं, आईनं तुझ्याशी धड बोलणं सोडलं, तुझी बदली त्या लांबच्या पंपावर झाली. तू टेलिफोनवाल्यांकडून नुसती त्या फोनची नोंद मागवली असतीस तर सगळं उघडं पडलं असतं. तू मागवली नाहीस. तेव्हा मी मनाशी म्हणायचे, त्याला सुचलं नसेल. ठोंब्या, तुला ठोंब्या म्हणत आले म्हणून तू तसा आहेस असं मी सोयीनं धरून चालले.

माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. स्टेशनचा परवाना नव्यानं व्हायचा होता. तू दोन्ही वाचवलंस. या दोन वर्षांत ज्या कुणाला आमच्या बातम्यांचा उपयोग झाला, पूल बंद असल्याचं कळून जो घरी थांबला, रक्त हवंय हे ऐकून जो दवाखान्यात धावला, त्या प्रत्येकामागे तुझं गप्प राहणं आहे. मी त्यावरच रोज जगत होते आणि एकदाही तुझं नाव घेतलं नाही.

शुक्रवारी आमच्या साहेबांना ती चिठ्ठी दाखवली. ते बराच वेळ पुढची-मागची बाजू बघत राहिले. म्हणाले, "दोन वर्षं झाली. लोक विसरलेत."

मी म्हटलं, "बेकरीवाला विसरलेला नाही. आणि माझा भाऊ अजून पंपावर आहे."

त्यांनी वाद घातला नाही. तीन दिवस दुरुस्ती मी वाचायची, मग माइक सोडायचा, पुढचं स्टेशनची समिती ठरवील, असं ठरलं. तुझ्या वरिष्ठांनाही स्टेशनच्या सहीनं पत्र गेलंय. त्याची प्रत सोबत जोडली आहे, नीट ठेव.

आज सकाळी सातला पहिल्यांदा वाचली. तुझं पूर्ण नाव, हुद्दा, दोन्ही फोनच्या वेळा. "त्यांनी धोक्याची सूचना वेळेत दिली होती. ती मी घेतली, वाचली नाही, आणि नंतर लपवली. ते माझे धाकटे भाऊ आहेत." शेवटचं वाक्य कागदावर नव्हतं.

आठला फोन उघडले तर पहिलं मिनिटभर एकही आला नाही. काकूंचासुद्धा नाही. बटणवाला गाणं लावू का म्हणून खुणावत होता, मी नको म्हटलं. मग बेकरीवाल्याचा आला. तो माझ्यावर ओरडला. बरंच ओरडला, आणि ते सगळं लोकांनी ऐकलं, तसंच हवं होतं. शेवटी आवाज खाली आणून म्हणाला, "त्यांचा नंबर द्या मला. मी चारचौघांत त्यांना बोललोय, आता मला चारचौघांतच माफी मागायचीय." त्यानंतर रांगच लागली. काही मला रागावले, बरेचसे तुझ्याबद्दल विचारत होते. एकोणीस जणांनी आपले नंबर देऊन ठेवलेत. काकू सगळ्यात शेवटी आल्या आणि फक्त म्हणाल्या, "चुकलंस गं. पण उद्या वाच."

तुझा नंबर कुणालाही दिलेला नाही. तू हो म्हणालास तरच देईन.

घरी आले तर आई रेडिओसमोरच बसली होती, रेडिओ बंद करून. म्हणाली, "दोन वर्षं त्याच्यावर राग धरून मी या घरात जेवले आणि तू मला वाढत होतीस." त्यापुढे माझ्याशी एक अक्षर नाही. तिचा अबोला अखेर योग्य पत्त्यावर आला. माझी तक्रार नाही.

तासाभरापूर्वी तिनं या टेबलापाशी येऊन हात पुढे केला. तुझ्यासाठी कागद मागत होती. मी एक कोरा कागद दिला. आत बसून लिहिते आहे, मधेच चष्मा पुसते आहे. लिहून झालं की घडी घालून या पाकिटात ठेवेल. इतकी वर्षं दुसऱ्यांचं लिहिलेलं मी गावभर वाचून दाखवत आले. ते मात्र मी उघडणार नाही.

तू परत ये असं मी म्हणणार नाही, ते म्हणायचा मान तिचा आहे. माफ कर असंही म्हणत नाही, तू ते कधीच करून बसला असशील आणि तेच मला जास्त लागतं. घरच्या माणसांचे आभार मानले की परकं वाटतं, असं तूच म्हणायचास. वाटू दे थोडं परकं. मला ते मानायचेच आहेत, आणि पहिल्यांदाच खरं बोलून मानते आहे.

तुझ्या जिवावर दोन वर्षं ताठ मानेनं वावरलेली,
तुझी आभारी
ताई