शहात्तर गळांची नोंदवही

४ जानेवारी, सकाळी ९

आजपासून रोजनिशी. माणूस एखाद्या कलेत एवढा खोल उतरला की मागे काहीतरी लेखी राहायला हवं. ऑफिसात तेहतीस वर्षं रेकॉर्ड विभागात लोकांच्या फायली लावल्या. आता स्वतःची.

सद्यस्थिती: लाकडी लुअर, एकूण अडतीस. लुअर म्हणजे नकली मासा. बोटभर लांब, पोटाखाली दोन गळ, एक पुढे, एक मागे. प्रत्येक गळाला तीन काटे. पाण्यातून ओढला की खरा मासा त्याला खाऊ समजून झडप घालतो. सगळे मी निवृत्तीनंतर सव्वा वर्षात हाताने कोरले. लाकूड सुतार देतो. म्हणतो, न्या काका, नाहीतरी जाळायचंच होतं. माणूस कलेचा आदर करणारा आहे.

नोंदवही नवीन केली. रकाने: क्रमांक, नाव, लाकूड, गळ, पकड. गळांची बेरीज शहात्तर. पकडीचा रकाना सगळ्यात रुंद ठेवलाय. अजून कोरा आहे. घाई नाही.

११ जानेवारी, रविवार

सकाळी सहाला मेहुणा दारात. सौ.चा धाकटा भाऊ, प्लंबर. चला दाजी, तळ्यावर, म्हणाला. नाही गेलो. वारा होता. शिवाय लुअर पाण्यात टाकला की कुठेतरी अडकून हरवू शकतो, हे त्याला कळतच नाही. त्याचे प्लास्टिकचे, पाकिटातून येतात.

दुपारी चार मासे घेऊन आला. दोन मी खाल्ले. ठीक होते.

जाताना मला रबरी अळ्यांचं एक पाकीट देऊन गेला. गळाला लावायच्या, मऊ, जांभळ्या. वर सल्ला: दाजी, या वेगळ्या ठेवा हं, रंग खातात. कोणती वस्तू कशाशेजारी ठेवायची हे आता प्लंबरकडून शिकायचं. तेहतीस वर्षं!

१९ जानेवारी

सध्या सगळे लुअर मुलीच्या खोलीतल्या कपाटात, हँगरच्या दांडीला ओळीने टांगलेत. मुलगी लग्न होऊन गेल्यापासून ती खोली माझा स्टुडिओ आहे. सौ. तिला अडगळ म्हणते.

आज सौ. त्याच कपाटातली शाल घेऊन दाताच्या डॉक्टरकडे गेली. पाठीवर क्र. ९ लटकत होता. जाताना, तिथे, आणि येताना. वेटिंग रूममध्ये तासभर कोणी चकार शब्द काढला नाही. लोकांना तो दागिना वाटला असणार. फिनिश उत्तम आलंय याचा यापेक्षा मोठा पुरावा नको.

सौ.ला हा मुद्दा पटला नाही. शालीतून गळ काढायला कात्री लागली. शाल वाचली नाही. क्र. ९ ठणठणीत.

२ फेब्रुवारी

मुलीचा फोन. पंधरा मार्चला येतेय, तीन आठवडे राहायला. नातीला घेऊन! नात दहा महिन्यांची होईल. आजवर फोनच्या स्क्रीनवरच पाहिलीय, आणि त्यातही निम्मा वेळ कपाळच दिसतं. रांगायला लागलीय. हाताला येईल ते तोंडात घालते म्हणे.

सौ. आनंदाने फोनवरच रडली. मग फोन ठेवला, डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं. मग खोलीकडे. मग परत माझ्याकडे. म्हणाली, अहो, खोली रिकामी पाहिजे. आणि एकूण एक गळ कुलपात. नाहीतर माझ्या भावाकडे उतरवते दोघींना, त्याच्याकडे जागा आहे.

मागणी रास्त आहे. नात याच घरात राहणार. तिच्या आजोबांच्या घरात. मेहुण्याच्या घरात भिंतीलासुद्धा पाइपांचा वास येतो.

सौ.ची सूचना: गळ काढून डब्यात घाला, नुसते मासे राहू द्या. शांतपणे समजावलं की गळाशिवाय लुअर म्हणजे खेळणं. ती म्हणाली, मग नातीला काय लागतं? मी उत्तर देणार होतो, पण व्हार्निश सुकायला आलं होतं.

निश्चय: १५ फेब्रुवारीपर्यंत खोली मोकळी. त्या यायला तर एक्केचाळीस दिवस आहेत. माझ्यासारख्याला चार पुरतात.

९ फेब्रुवारी

स्टोरेजचा प्रश्न कायमचा सुटला. बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा, झाकण घट्ट. ओल शोषायला त्या छोट्या पांढऱ्या पुड्या हव्यात, त्या औषधांच्या दुकानातून मागून आणल्या. दुकानदाराने विचारलं, कशासाठी काका. मी अर्धा तास सांगितलं. गिऱ्हाइकं थांबली होती, पण त्यांनीही ऐकलं.

बारा लुअरना काल शेवटचा हात मारलाय. व्हार्निशच्या डब्यावर लिहिलंय, पूर्ण सुकायला सात दिवस. असल्या सूचना सर्वसामान्य लोकांसाठी असतात. बोट लावून पाहिलं. चिकटलं नाही. म्हणजे चिकटलं, पण सुटलं.

डब्यात लुअर एकमेकांवर आपटू नयेत म्हणून फटींमध्ये त्या रबरी अळ्या भरल्या. मऊ असतात. मेहुण्याला हे सुचलं असतं का? डोकं लागतं.

झाकणाला टेप. वर तारीख आणि सही. डबा कपाटावर.

१५ फेब्रुवारी

खोली आज मोकळी व्हायची होती. कंबर धरलीय. तत्त्वतः मोकळी झालीय, फक्त सामान बाकी आहे.

२७ फेब्रुवारी

सौ.ने खोलीत डोकावून विचारलं, हे टेबल इथेच राहणार का. टेबल नाही, वर्कबेंच, असं सांगितलं. म्हणाली, मग वर्कबेंच इथेच राहणार का.

घरातली माणसंच कलावंताच्या पाठीशी उभी राहत नाहीत. (वर्कबेंच संध्याकाळी तिने आणि शेजारणीने मिळून गच्चीवर नेलं. माझी कंबर.)

४ मार्च

मेहुणा आला होता. म्हटलं, ये, स्टोरेज कसं असतं ते तुला दाखवतो. डबा काढला, टेप सोडली, झाकण उघडलं.

काही बोलायच्या मनःस्थितीत नाही.

५ मार्च

आता बोलतो. डब्यात अडतीस लुअर नव्हते. एकच होता. डब्याच्या आकाराचा. रबरी अळ्या विरघळून जांभळा गोंद झाला होता, त्याने रंग ओढून घेतला होता, आणि व्हार्निश त्या सगळ्यावर पसरून बसलं होतं. गळात गळ, काट्यात काटा. डबा उलटा केला तरी पडेना.

मेहुणा हसला नाही, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवतो. नुसतं म्हणाला, दाजी, मी सांगितलं होतं ना. हसला असता तर परवडलं असतं.

कारण माझ्या मते हवामान.

८ मार्च

दिवसभर मुलीच्या खोलीत गालिच्यावर बसून पक्कड लावून तो गोळा सोडवला. सौ. सांगत होती, बाहेर ओट्यावर बसा. ओट्यावर ऊन असतं.

एकेक लुअर ओढून काढला. रंग गेले, डोळे गेले. क्र. १४ चं शेपूट क्र. ३० ला लागलंय आणि आता तेच बरं दिसतंय. क्र. २३ फारच हट्टी निघाला. दोन्ही पाय लावून ओढला तेव्हा सुटला. टिंग असा आवाज आला.

संध्याकाळी मोजणी. लुअर अडतीस. गळ पंच्याहत्तर.

परत मोजले. पंच्याहत्तर. चष्मा पुसून मोजले. क्र. २३ चा मागचा गळ नाही.

९ मार्च

गळ शोधला. नाही.

सौ.ला सांगितलेलं नाही. उगाच काळजी करत बसेल.

११ मार्च

चुंबकाला दोरी बांधून गालिच्यावरून फिरवला. मिळालेल्या वस्तू: टाचण्या अकरा, केसांच्या पिना सहा, मुलीच्या शाळेतल्या कंपासचं टोक. ती हे टोक हरवलं म्हणून रडली होती आणि मी म्हणालो होतो, नीट ठेवायला शीक.

पलंगापलीकडची बाजू राहिली. कंबर. पण गळ तिकडे जाण्याचं काही कारण दिसत नाही.

१४ मार्च, दुपारी ४

बरीच वर्षं रेकॉर्ड सांभाळलेल्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते. वस्तू आणि नोंद जुळत नसतील तर चूक वस्तूची असेलच असं नाही.

क्र. २३ हातात घेऊन नीट निरखला. मागे गळ नसताना तो जास्त तोलात वाटतो. मुळात मी तो एकाच गळाचा कल्पिला असणार. नोंदवहीत दुरुस्ती केली: क्र. २३, खास एकगळी मॉडेल. बेरीज पंच्याहत्तर. खाली सही, तारीख.

सर्व लुअर लोखंडी पेटीत. पेटीला कुलूप. किल्ली सौ.कडे.

सौ.ने विचारलं, सगळे मोजलेत ना नक्की? मी तिच्यापुढे नोंदवहीचं पान धरलं. तिने बेरीज स्वतः करून पाहिली. जुळली. म्हणाली, एवढं एक काम तरी धड केलंत. खूप दिवसांनी माझ्याकडे बघून हसली. बरं वाटलं. मग थोडं कमी बरं वाटलं.

१५ मार्च, संध्याकाळी ७. डावा गुडघा उंच ठेवून लिहितोय

क्रमाने लिहितो.

अकरा वाजता आल्या. नात स्क्रीनवरच्यापेक्षा फार चांगली आहे. वजनाला भारी, डोक्यावर चार केस, आणि माझं नाक धरून असं पिळलं की डोळ्यांत पाणी आलं. नुसतं नाकामुळे नाही.

मुलीने आपल्या खोलीत पाऊल टाकलं आणि दारातच थांबली. बाबा, किती छान आवरलंत! मग नातीला गालिच्यावर सोडलं. नात निघाली. पलंगापलीकडे.

मी तिच्या मागे रांगत निघालो, मीही रांगतो बघ, असं म्हणत. सगळे हसले. मेहुणा होता, सौ. होती. सौ. म्हणाली, अहो, तुमची कंबर? कंबर आज ठीक होती. नातीच्या पुढे गेलो, वळलो, गुडघा टेकला.

सापडला.

ओरडलो नाही. पंच्याहत्तर असं सहीनिशी लिहून दिलेला माणूस शहात्तरावा सापडला म्हणून ओरडू शकत नाही. पँटीसकट गुडघ्यात एक काटा पुरता रुतलेला, दोन बाहेर. पलंगाला धरून उठलो, खुर्चीवर बसलो, मांडीवर उशी घेतली. सौ.ने चहा आणला. चहा प्यायलो. मुलीने प्रवासाचं सांगितलं. मी हो हो म्हटलं. मेहुण्याने विचारलं, दाजी, घाम का आलाय? म्हटलं, आनंद.

अशी वीस मिनिटं गेली असतील. नात रांगत खुर्चीपाशी आली, माझ्या पायाला धरून उभी राहिली. सौ. म्हणाली, अगंबाई, आजोबांना धरून उभी राहिली! सगळे कौतुकाने पुढे झाले. उशी सरकली. खाली काहीतरी चमकलं, आणि नातीला चमकणारं फार आवडतं. तिने हात घातला. तोंड आधीच उघडलेलं.

तेव्हा मात्र ओरडलो. तिचा हात झटकला. जोरात झटकला. ती धपकन बसली आणि रडायला लागली. गळ कोणी टाकला म्हणून एरवी मीच लागट बोललो असतो, पण आता कोणाला बोलणार.

नातीच्या बोटाला काही झालेलं नाही. तीनदा पाहिलं.

मेहुण्याने त्याच्या पान्यांच्या पिशवीतून कटर काढला, काटा पुढे ढकलून टोक छाटलं आणि उरलेला मागे ओढला. हात हलका आहे त्याचा. मुलगी नातीला कडेवर घेऊन बघत होती. एवढंच विचारलं, बाबा, तुम्हाला माहीत होतं? सौ. उठली, नोंदवही आणली, क्र. २३ चं पान उघडलं आणि दुरुस्ती वाचली. खास एकगळी मॉडेल. मोठ्याने वाचली.

चार वाजता तिघी मेहुण्याच्या गाडीतून गेल्या. सौ. म्हणाली, पोरीला मदत लागेल. भात कुकरमध्ये आहे.

१६ मार्च

धनुर्वाताचं इंजेक्शन. कंपाउंडरने विचारलं, कुठे लागलं? म्हटलं, मासेमारीत.

१९ मार्च, सकाळी १०

पेटीची किल्ली सौ. टेबलावर ठेवून गेली होती. सगळ्या लुअरचे सगळे गळ पक्कडीने काढले, काचेच्या बरणीत घातले, मेहुण्याला देऊन टाकले. सव्वा तास लागला. सौ.ने सांगितलं त्याला दीड महिना झाला.

मग गुडघा सांभाळत पूर्ण खोलीत चुंबक फिरवला. पलंगापलीकडेही. पलंग सरकवूनही. काही नाही. खोली आता खरोखर रिकामी आहे. चादर नवीन घातलीय. कोपऱ्यात क्र. १ ठेवलाय, रंग खरवडून, नुसतं लाकूड, नातीने चावला तरी चालेल असा.

मुलीला फोन केला. खोली तयार आहे म्हटलं, सगळं मोजलंय. तिने विचारलं, कोणी मोजलं? मी, म्हटलं. ती म्हणाली, बरं. मग म्हणाली, आम्ही इथे ठीक आहोत बाबा. मागून नातीच्या हसण्याचा आवाज येत होता. मेहुणा कसलातरी आवाज काढून दाखवत असावा.

घर फार मोठं वाटतंय. मला आवडत नाहीये.

नोंदवही काढली. क्र. २३ पुढचं "खास एकगळी मॉडेल" खोडलं. गळ दोन लिहिले. बेरीज शहात्तर. मग तो रुंद रकाना राहिला होता, तोही भरला.

क्र. २३. पकड: एक. वजन: एक्क्याऐंशी किलो. ठिकाण: मुलीची खोली, पलंगापलीकडे.