सूचकाची सही

११ जानेवारी, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरा आहे आणि दोन वेळा जेवतो, हे आईला वाचून दाखव. स्वेटर मिळाला. बाह्या आखूड आहेत, पण दोष माझ्या हातांचा.

बाइंडिंगच्या दुकानात तीन महिने झाले. मालकांना सगळे मास्तर म्हणतात आणि ते मला प्रोफेसर. "प्रोफेसर, खळ ढवळा." मी ढवळतो. दिवसभरात तेवढंच बोलणं. खोलीवर तेही नाही.

ज्या कॉलेजला लाथ मारून निघालो, त्याचंच काम आलंय बघ. तिथे मुलींना प्रवेश मिळाल्याला शंभर वर्षं होताहेत, त्याचं प्रदर्शन आहे. जुन्या हजेरीवह्या शिवायला आल्या. पहिल्या वहीत एकच मुलगी, सगळ्या मुलांच्या खाली, क्रमांकसुद्धा नाही. शेरा: 'सर आल्यावरच वर्गात यावे.' पुढे तिघी, मग अर्धं पान, मग पानंच्या पानं. पण मधेमधे शेरे आहेत. भावाच्या विनंतीवरून नाव कमी. वडिलांच्या. नवऱ्याच्या. माझं डोकं तापलं, तुला माहीत आहेच. एकीला तरी कोणी विचारलं होतं का, असं मास्तरांना म्हणालो आणि खळ ढवळायला घेतली.

शेवटी गेल्या वर्षीच्या विद्यार्थी मंडळाच्या निवडणुकीचे सुटे कागद होते. अध्यक्षपदाला उभी राहिलेली पहिली मुलगी त्यांत आहे, म्हणून.

ताई, प्राचार्यांशी भांडून कॉलेज सोडलं, असं मी घरी सांगितलं. भांडण झालंच नाही. तिचं नाव सुचवणारा सूचक मी होतो. तिच्याबद्दल भिंतींवर घाणेरडं लिहिलं गेलं आणि माझं टाळकं सरकलं. आमच्याकडे सूचकाला उमेदवाराचं नाव मागे घेता येतं. तिला न विचारता मी जाऊन सही केली. वाटलं, सुटले म्हणेल. आणखीही बरंच वाटत होतं. ते तू ओळखलं असशीलच.

ती जिन्यात भेटली, हातात खळीचा डबा. त्या भिंती ती स्वतःच्या पोस्टरांनी झाकून आली होती. एवढंच म्हणाली, "तुला कोणी विचारलं होतं?"

त्यानंतर वर्गात बसवेना.

काल ते कागद कापायला घेतले. नाव मागे घेतल्याच्या कागदावर माझी सही अगदी कडेला आहे. मास्तर म्हणाले, कागद लहानमोठे आहेत, कडेने बोटभर कापा. बोटभर कापलं असतं तर मी त्यात उरलोच नसतो. पातं खाली आणलंही होतं, खोटं कशाला बोलू. मग कागद काढून घेतले. ते पान न कापता दुमडून शिवलं. उघडलं की सहीसकट उघडतं. एवढ्या वेळात दोन वह्या झाल्या असत्या, म्हणून मास्तर दिवसभर कुरकुरले.

उद्या प्रदर्शन उघडतंय. ती येईल. मी जाणार नाही. मला कोणी विचारलेलं नाही.

तू प्रत्येक पत्रात विचारतेस, तिकडे तुझं कोणी आहे का. नाही, ताई.

बाबांना हे पत्र तूच वाचून दाखव, सगळं. खालची सही त्या पानावरच्यासारखीच आहे.

तुझा,
धाकटा भाऊ
(खाली पूर्ण नावाची सही)