नेचा चोरून न्यायचा असतो

लामेगो, मार्चचा दुसरा आठवडा

प्रिय झुल्मिरा,

पाकीट पाहून दचकू नकोस, कुणी मेलेलं नाही. दोन रस्ते पलीकडे राहणाऱ्या माणसाला टपालानं पत्र पाठवणं हा वेडेपणाच आहे, पण करू काय? फोन तू उचलत नाहीस, आणि तुझ्या बेकरीत आले की मागे रांग असते आणि रांगेत माझी शेजारीण लुडोविना कान टवकारून उभी असते. अदेरितूनं तुला सोडून लक्झेंबर्गात दुसरा संसार मांडला, तेव्हा फाटकात उभी राहून तू म्हणालीस, ‘या घरातली टाचणीसुद्धा मला नको. कुणी हातात ठेवली तरी नको.’ तेव्हापासून तू माझा उंबरा ओलांडलेला नाहीस. मुलगा माझा, त्यामुळे मी काय बोलणार? पण इतकी वर्षं सून म्हणून मला ‘आई’ म्हणत होतीस आणि आता पाव बांधून देताना परक्या गिऱ्हाइकासारखं ‘दोना एर्मेलिंडा’ म्हणतेस, ते मला लागतं. सांगून टाकलं. आता पुढचं.

आपली अवेंका, तो हौदामागच्या कुंडीतला नेचा, या हिवाळ्यात जाता जाता वाचली. बाहेरच्या थंडीत दर वेळी उठून जायचा कंटाळा, म्हणून मी कुंडी हौदापासून उचलून स्वयंपाकघरात चुलीशेजारी आणली. म्हटलं, तिलाही ऊब आणि मलाही सोबत. आठवडाभरात सगळी पानं तंबाखूसारखी कुरकुरीत झाली. मी घाबरून आणखी पाणी ओतलं, तर मातीला आंबूस वास यायला लागला. लुडोविना आली आणि दारातूनच ओरडली, ‘अगं एर्मेलिंडा, दृष्ट लागली गं! कुणीतरी जळतंय तुझ्या घरावर.’ मी म्हटलं, ‘जळायला आहे काय माझ्या घरात? एक म्हातारी आणि एक मांजर. मांजरही तुझ्याकडे जेवतं.’ तिला राग आला, पण कॉफी संपवूनच गेली.

मग तू काय करायचीस ते एकेक आठवून पाहिलं. कुंडी परत हौदाच्या मागे, जिथे ऊन थेट येत नाही आणि फाटकाचं वारंही लागत नाही. खाली ताटलीत गोटे आणि गोट्यांपुरतं पाणी. वरून शिंपडायचं नाही, इतकी बारीक पानं भिजून चिकटली की काळी पडतात. नळाचं पाणी नाही, पागोळीखालच्या मडक्यातलं. माती ओली हवी, चिखल नको. आणि शेवटी कात्री घेऊन सगळे वाळलेले देठ मातीलगत कापून टाकले. तू पहिल्यांदा हे केलंस तेव्हा मी किंचाळले होते, ‘अगं खुनी बाई, मुंडण केलंस की तिचं!’ आणि तू हसत म्हणाली होतीस, ‘आई, मुळं जिवंत आहेत. तुम्ही फक्त रोज तिची कुंडी हलवू नका.’ तेवढं एक मला अजून जमत नाही. पण या वेळी नाही हलवली. गेल्या आठवड्यात मातीतून कोंब वर आले, मुठी वळलेले, काळ्या दोऱ्याएवढे. पाहून मी हौदाच्या कठड्यावर बसले आणि रडले. वयानं होतं असं.

तुझ्या लग्नानंतरचं ते पहिलं वर्ष आठवतं का? तुमच्या बाल्कनीसाठी मी तुला तिचा एक तुकडा कागदात गुंडाळून दिला, आणि तू मोठ्या शहरातली मुलगी, माझ्या गळ्यात पडून आभार मानलेस! मी कपाळावर हात मारून घेतला. रोपटं दिल्याबद्दल कुणी आभार मानतं का? गेलंच ते. तू म्हणालीस, ‘आभारांनी नाही हो, उन्हानं गेलं.’ असेल. पण पुढच्या वसंतात मी तुला सांगितलं, आमच्याकडे नेचा मागत नाहीत आणि देतही नाहीत. चोरतात. चोरलेलाच लागतो. मी आत कॉफीकडे बघायला जाते, तू काय करायचं ते कर. तू भर दुपारी, सासरच्याच घरातून, एप्रनखाली रोप लपवून मांजरीच्या पावलांनी निघालीस, आणि खिडकीतून बघताना मला हसू आवरेना. तो मात्र असा फोफावला की लुडोविनानं तुझ्याकडून चोरला. छत्रीत घालून!

अदेरितूचा परवा फोन आला होता. ईस्टरला येतोय, तिला घेऊन. क्रूस घरोघरी फिरतो तो तिला पाहायचा आहे म्हणे. येऊ दे. मुलगा आहे, दार बंद करता येत नाही मला, आणि मी ते करावं असं तुलाही वाटणार नाही हे मी ओळखते. क्रुसासाठी दारात फुलांच्या पाकळ्या अंथरायला या वेळी मला वाकवत नाही, त्या त्यांनी अंथराव्यात. मग म्हणाला, ‘आई, तिला नेच्यांची फार हौस आहे गं. आपल्या जुन्या कुंडीतला एक भाग तिला देशील ना?’ मी म्हटलं, देईन की.

आणि देणारच आहे. काल पावाच्या सुरीनं मुळांचे दोन भाग केले, कोंब उलगडायच्या आत. लहान भाग तिचा. छान कागदात गुंडाळून, रिबीन बांधून, सगळ्यांसमोर तिच्या हातात ठेवीन. चांगल्या घरची असणार, आभार मानेलच.

मोठा भाग जुन्या कुंडीत हौदामागे आहे. तो मी तुला देत नाहीये, म्हणजे तुझा शब्दही मोडत नाही. येत्या शनिवारी तुझी बेकरी दुपारी बंद झाली की फाटक नुसतं लोटलेलं असेल. मी स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून बसेन, फाटक कितीही करकरलं तरी वळणार नाही. कुंडी जड आहे, एका दमात उचलू नकोस, मध्ये कठड्यावर टेकव. टेकवशील तेव्हा कॉफीचा वास येईल. दोघींपुरती असेल. चोरी झाल्यावर चोरानं आत येऊन बसू नये असं आमच्याकडे कुणी सांगितलेलं नाही. फक्त आभार मानू नकोस, बये. आणि त्या दारात मला हाक मारायचीच झाली, तर जुनी मार.

तुझीच,
कोण ते शनिवारी तू ठरव,
एर्मेलिंडा