कानामागची बट

दीपमाला,

शेजारच्या राहीकाकू बाळाजवळ बसल्यात. त्याची टोपी काढायच्या आधी हे वाच.

मी फणस सोलत व्हतो. बाळानं गऱ्यात हात घातले आन् चिकानं माखलेले तेच हात डोक्याला पुसले. मी कात्री घेतली. कात्री वाजली की ते खदाखदा हसायचं, ‘आजून’ म्हणायचं, आन् माझा हात थांबंना. चीक गोडेतेलानं निघतो, हे मागनं आठवलं.

परवा जावळ हाय, मामाच्या मांडीवर काढायचं, त्यासाठी तुझा भाऊ जयराज पलटणीतनं रजा काढून निघालाय, तेबी मागनंच आठवलं.

केस धुतल्या रुमालात बांधून देवापाशी ठेवल्यात.

मी मारुतीच्या देवळात बसलोय. जेवायला हाक मारू नगंस. कानामागं एक बट राखलीया, ती जप. जयराजला तेवढी तरी कापू दे.

तुझा सासरा,
लालासाहेब