खमिराची कडी धुतल्याबद्दल

प्रिय एलिंग यास,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद, आणि तुझ्या विसराळूपणाला माझा नमस्कार. मी गुरो. खाडीच्या या काठाला राहते, तुझ्याच आईच्या पोटी जन्मले, आणि चर्चचं छप्पर उडालं त्या वर्षी तू ‘परवा आणून देतो’ म्हणून जे लाकडी पिंप नेलंस, ते माझं. आता ओळख पटली असेल. गुडघे कसे आहेत? दात किती उरलेत? बायकोचा खोकला बरा असावा. नसला तर तिला म्हणावं, थंडीत दारात उभं राहून शेजारणीशी बोलणं जरा कमी कर.

पत्र सिग्री लिहिते आहे, माझ्या नातवाची, टॉर्कलची, बायको. मला अक्षरं येत नाहीत हे तू जाणतोस. ज्यांना येतात त्यांनी काय करून ठेवलंय ते आता ऐक. ही गृहिणींच्या शाळेत शिकून आली आहे. मी बोलेन ते एकही शब्द न गाळता लिहायचं, असं मी तिला बजावलंय. (लिहिते आहे, आजोबा. – सिग्री)

टॉर्कल आणि सिग्रीच्या मुलाचा बाप्तिस्मा जवळ आला आहे. अख्खं खोरं जेवायला येणार. बाप्तिस्म्याला घरची बिअर नसली तर त्या पोराला दाढी पिकेपर्यंत लोक कोरडा म्हणून हाक मारतील, आणि आपल्या घराण्यात आजवर कोणी कोरडा निघालेला नाही. माझ्या मनगटांत आता ढवळायचा जोर नाही, म्हणून टॉर्कलला म्हटलं, तूच कर, मी बाकावर बसून सांगते. सातूला मोड मी आणले होते. पोतं ओढ्यात भिजवण्यापासून माळ्यावर पसरून धुरावर वाळवण्यापर्यंत सगळं माझ्या नजरेखाली झालं, म्हणून तेवढं नीट झालं. तिथून पुढे टॉर्कलची अक्कल सुरू झाली.

पिंप तुझ्याकडे असल्यामुळे (हे मी परत सांगते, विसरशील) त्याने खारवलेल्या हेरिंग माशांचं पिंप अर्धं कापलं. म्हटलं, अरे, वास? तो म्हणाला, आजी, तीनदा घासलंय. बरं. मग तळाशी भोक पाडायचं, त्यात लांब खुंटी बसवायची, खुंटी जरा उचलली की सातूचं गोड पाणी झरझर खाली यावं, एवढं सोपं काम. याने भोक पाडलं बाजूला, वीतभर वर. का, तर वाकायला नको म्हणून. म्हणजे वीतभर गोड पाणी पिंपातच राहणार आणि ते पिणार कोण, हेरिंगचं भूत? ते भोक बुजवून दुसरं पाडायला लावलं. तळाला आल्डरच्या काड्या, त्यावर पेंढा, त्यावर जुनिपरच्या फांद्या अंथरायच्या म्हणजे गाळणी होते, हे मी सांगत होते तेव्हा हा महाशय मान हलवत होता. मान हलवणं आणि ऐकणं यांचा याच्या बाबतीत काही संबंध नाही. ही सवय त्याला आपल्या बाजूने आली आहे, कोणाकडून ते विचारू नकोस. सातू त्याने पावाच्या पिठासारखे बारीक दळले, फांद्या दारातच ठेवल्या आणि गरम पाणी ओतून मोकळा झाला. खुंटी उचलली तर थेंब नाही. सगळी लापशी होऊन बसली. तेव्हा हा खाली आडवा झाला आणि भोकातून तोंडाने फुंकायला लागला. खुंटी निसटली. आजही त्याच्या कानात सातू सापडेल. (डाव्या. उजवा मी साफ केला. – सिग्री)

सगळं उपसून, काड्या, पेंढा, फांद्या घालून मी ते परत भरायला लावलं. तेव्हा कुठे पाणी आलं, आणि काय सांगू एलिंग, मधासारखं आलं. हेरिंगचा वास अगदी नावापुरता. दूध पाजताना असतं तेवढं कोमट होऊ दिलं. आणि मी म्हटलं, आता आईची कडी आणा.

तुला ती कडी आठवत असेलच. ही एक गोष्ट तू विसरला असशील असं मी तुझ्या तोंडावरही म्हणणार नाही. आई गेली तेव्हा तिचं खमीर दोघांनी वाटून घेतलं. तू फडक्यावर वाळवलंस, मी तिच्या पेंढ्याच्या कडीवर. दरवेळी बिअरमध्ये बुडवायची, वाळवायची, तुळईला टांगायची. थरावर थर बसून ती काळी, खडबडीत, उंदराने नाक मुरडावं अशी झाली होती. तिच्यातच सगळा जीव होता. माझी नजर आता अधू आहे. टॉर्कलने कडी आणून पाण्यात सोडली आणि रीतीप्रमाणे आम्ही सगळे पिंपात तोंड घालून ओरडलो, कारण खमीर टाकताना जो हळू बोलतो त्याची बिअर पुचाट होते. मी तर अशी ओरडले की गोठ्यातल्या गाईने पायाने बादली उडवली. सकाळी पाहते तर फेस नाही, बुडबुडा नाही. म्हटलं, ओरडणं कमी पडलं. पुन्हा ओरडलो. शेजारचे लोक धावत आले, त्यांना वाटलं मी गेले. मी गेले नाही हे पाहून त्यांचे चेहरे जरा उतरलेच, कारण येताना त्यांनी काळे कपडे घातले होते.

त्यांच्या देखत ही सिग्री गोड आवाजात म्हणाली, आजी, कडीचा तर प्रश्नच नाही, मी ती राखेच्या पाण्यात उकळून स्वच्छ धुतली आहे.

लिही, सिग्री, थांबू नकोस. उकळून. राखेच्या पाण्यात. निळी रिबीनही बांधली होती. आईच्या हयातीपासूनचा जीव एका दुपारी मारून त्याला नवरीसारखं नटवलं. मी तेव्हापासून रागावले आहे आणि थांबायचा माझा विचार नाही. हिला वाटतं, मळलेलं ते सगळं वाईट. मी मळलेली दिसले तर मलाही उकळेल. (आजी, मी तुमचा वाढदिवस म्हणून केलं होतं. ती इतकी काळी होती. – सिग्री) ते गोड पाणी डुकरांनी प्यायलं आणि आता कुंपणाशी उभी राहून आणखी मागतात. एका खेपेचे मोड अजून शिल्लक आहेत. शेजाऱ्यांनी खमीर देऊ केलं, पण त्यांच्या बिअरने पाहुणे जेवणाआधी झोपतात.

तुझ्याकडून मला काही नको. नाताळात भरल्या घरात मी म्हणाले होते की तू आईचं खमीर बिघडवलंस आणि तुझी बिअर भांडी विसळल्यासारखी लागते. माझं बोलणं मी मागे घेत नाही. तू पिंप परत करत नाहीस, मी शब्द परत करत नाही.

तुझी बहीण,
गुरो

ता. क. हे पत्र घेऊन येणाऱ्या नाववाल्याला त्यातलं काही सांगू नकोस. गुरोने एलिंगकडे हात पसरला असं त्याला कळलं तर पुढच्या धक्क्याला लागायच्या आत खाडीभर होईल.

ता. क. आजी गोठ्यात गेल्या आहेत म्हणून घाईत लिहिते. मुलाचं नाव त्यांनी एलिंग ठरवलं आहे. तुम्हाला कळवायचं नाही असं बजावलंय. रात्री त्या धुतलेली कडी उशाशी घेऊन झोपतात. मला त्या ओरडत नाहीत, आजोबा. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. – सिग्री

ता. क. मी परत आले. ही काय लिहीत होती ते विचारलं तर म्हणते, शाई वाळवत होते. असो. बाप्तिस्म्याला ये. त्याआधी नाववाल्याकडे बकरीच्या दुधाच्या तपकिरी चीजचा एक मोठा गोळा पाठव. चीज कसलंही चालेल, लहान असलं तरी चालेल. ज्या फडक्यात गुंडाळशील ते फडकं मात्र जुनं घे, आणि धुऊ नकोस.